स्थळ, स्मारक आणि साक्ष

इतिहास हा विषय घेऊन विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी वर्षातून एकदा तरी अभ्याससहलीस जातात. पूर्वी या सहली लेणी, किल्ले, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये यांच्यापुरत्या मर्यादित असत. आता त्यांत आणखी एका प्रकारच्या स्थळांची भर पडली आहे. जेथे माणसांनी निःशस्त्र माणसांची सामुदायिक हत्या केली, अशी ही स्थळे होत. युरोपात विद्यार्थ्यांचे जथे पोलंडमधील आउश्विट्झच्या छळछावणीस जातात, तर आपल्याकडे अमृतसरच्या जालियनवाला बागेस. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने जावे याविषयी फारसा वाद नाही. मात्र तेथे जाऊन तो नेमके काय शिकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सर्वसाधारण समजूत अशी की स्थळ स्वतःच शिकवते. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहिल्या, विहिरीत डोकावले, दोन मिनिटे मौन पाळले, की इतिहास मनावर कोरला जातो. परतल्यावर लिहिलेल्या सहलवृत्तांतात ‘डोळे पाणावले’, ‘अंगावर काटा आला’ ही वाक्ये हमखास येतात, आणि ती खोटी असतात असे आम्ही म्हणणार नाही. परंतु डोळे पाणावणे हे शिकण्याचे प्रवेशद्वार आहे. त्याच्या आत पाऊल टाकावयाचे राहूनच जाते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की अत्याचाराचे स्थळ विद्यार्थ्याला शिकवते ते साक्ष तपासायला. आणि या शिक्षणाची खरी कसोटी लागते ती मारले गेलेले आपले असतात तेथे नव्हे, तर मारणाऱ्यांच्या बाजूला आपलीच माणसे उभी असण्याचा संभव असतो तेथे. हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही प्रथम अमृतसरची बाग घेतो आणि मग कानपुरची विहीर. पहिले स्थळ सर्व हिंदी लोकांच्या दुःखाचे आहे. दुसऱ्याशी आपणां मराठी माणसांचा संबंध अधिक जवळचा आणि अधिक अवघड आहे.

जालियनवाला बाग ही नावाचीच बाग. १९१९ साली ती घरांच्या पाठभिंतींनी वेढलेली एक ओसाड, खोलगट मोकळी जागा होती. आत येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे एक अरुंद बोळ; बाहेर पडण्याच्या इतर वाटा थोड्या आणि त्याही चिंचोळ्या. १३ एप्रिल १९१९ रोजी, वैशाखीच्या दिवशी, सायंकाळी ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर या बोळातून ५० बंदूकधारी शिपाई आणि नुसत्या खुकऱ्या घेतलेले ४० गुरखे घेऊन आत शिरला. सोबत दोन चिलखती गाड्याही होत्या, परंतु बोळ अरुंद म्हणून त्या बाहेरच राहिल्या. जमावाला पांगण्याची सूचना न देता त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटे गोळीबार चालला आणि १,६५० काडतुसे संपली. मृतांचा सरकारी आकडा ३७९. काँग्रेसच्या चौकशी समितीच्या मते तो हजाराच्या घरात होता.

हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. मग जागेवर जाऊन अधिक काय मिळते? विद्यार्थ्याला प्रवेशाजवळच्या उंचवट्यावर, जेथे शिपायांची रांग उभी होती तेथे, उभे करावे आणि एक साधे गणित करावयास सांगावे. ५० बंदुका आणि १,६५० काडतुसे, म्हणजे शिपायामागे ३३ गोळ्या. दहा मिनिटांत ३३, म्हणजे सुमारे अठरा सेकंदांना एक. हा वेग घाबरलेल्या माणसाचा नव्हे. भरणे, नेम धरणे, चाप ओढणे, पुन्हा भरणे असा तो शिस्तीचा, सावकाश चाललेला गोळीबार होता. समोरची जागा पाहिली की पळणारी गर्दी कोणत्या कोपऱ्यांत दाटली असेल हे ध्यानात येते, आणि जेथे गर्दी दाट तेथे गोळ्या वळवल्या गेल्या या कागदावरच्या वाक्याला अर्थ येतो. आकडा कागदाने दिला आणि अंतर जागेने दाखवले. दोहोंचा मेळ घातला तेव्हाच ‘क्षणिक संतापाच्या भरात घडलेला प्रकार’ ही सबब टिकत नाही हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बुद्धीला पटते. असे पटलेले ज्ञान कोणी सांगितलेल्या ज्ञानाहून वेगळे असते.

हीच गोष्ट त्या चिलखती गाड्यांची. सरकारने नेमलेल्या हंटर समितीपुढे नोव्हेंबर १९१९ मध्ये डायरची साक्ष झाली. समितीचे एक सभासद सर चिमणलाल सेटलवाड, जे त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते, त्यांनी त्याला विचारले की गाड्या आत नेता आल्या असत्या तर यंत्रतोफा चालवल्या असत्या काय. बहुधा चालवल्या असत्या, असे त्याने कबूल केले. बोळाची रुंदी डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला या उत्तराचे वजन कळते. मृतांची संख्या किती व्हावयाची याचा एक निर्णय त्या दिवशी दोन भिंतींमधल्या अंतराने केला होता.

याच चौकशीशी आपल्या वाचकांच्या गावांचाही धागा जुळलेला आहे. हंटर समितीतील तीन हिंदी सभासदांनी बहुमताच्या अहवालापासून वेगळे होऊन आपले भिन्नमत नोंदवले. त्यांपैकी सेटलवाड आणि पंडित जगत नारायण यांच्याबरोबर तिसरे होते सरदार साहेबजादा सुलतान अहमद खान, ग्वाल्हेर संस्थानचे अधिकारी. काँग्रेसच्या चौकशी समितीत महात्मा गांधी आणि चित्तरंजन दास यांच्यासह बडोदे संस्थानचे माजी सरन्यायाधीश अब्बास तय्यबजी होते, तसेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकरही होते. या समितीने १,७०० हून अधिक लोकांच्या जबान्या पाहिल्या आणि त्यांतील सुमारे ६५० प्रसिद्ध केल्या. बडोद्याच्या वा ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने बागेत जाण्यापूर्वी या जबान्यांपैकी दहा जरी वाचल्या, तरी बागेकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल. त्यांत रतनदेवी नावाच्या स्त्रीची जबानी आहे. पतीचे प्रेत घरी नेण्यास संचारबंदीमुळे कोणी मिळेना, म्हणून कुत्र्यांना हाकलण्यासाठी हाती बांबू घेऊन तिने ती सबंध रात्र बागेत, विव्हळणाऱ्या जखमींच्या मध्ये बसून काढली. गोळीबार दहा मिनिटांत संपला. अत्याचार मात्र रात्रभर चालू होता, हे बागेतील कोणत्याही खुणेवरून कळत नाही. ते या जबानीवरूनच कळते.

जागा आणि कागद यांचा असा परस्परांशी पडताळा पाहणे आवश्यक असते, याचे आणखी एक कारण आहे. जागा बदलते. बागेचे राष्ट्रीय स्मारक करण्याचा कायदा १९५१ साली झाला आणि स्मारकाचे उद्घाटन १९६१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. २०२१ साली बागेचे पुन्हा नूतनीकरण झाले. त्यात त्या मुख्य बोळाच्या दोन्ही भिंतींवर वैशाखीच्या दिवशी बागेत आलेल्या स्त्रीपुरुषांच्या आकृती बसवण्यात आल्या, आणि ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाची सोय करण्यात आली. अनेक इतिहासकारांनी याला आक्षेप घेतला. ज्या उघड्याबोडक्या, अंधाऱ्या बोळातून शिपाई आत आले त्याचे ते उघडेबोडकेपणच पुरावा होते, आणि तेच झाकले गेले, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप योग्य की अयोग्य हे विद्यार्थ्याने ठरवावे. मात्र आपण १९१९ ची बाग पाहत नसून १९१९ च्या बागेविषयी १९६१ ने आणि २०२१ ने काय सांगावयाचे ठरवले ते पाहत आहोत, हे भान त्याला आल्यावाचून सहल सफळ झाली असे म्हणता येणार नाही. विहिरीच्या पाटीवर १२० प्रेतांचा उल्लेख आहे. हा आकडा कोठून आला, समकालीन चौकशीच्या कागदांत त्याला आधार कोणता, हे शोधून काढण्याचे काम द्यावे. यात हुतात्म्यांचा अनादर नाही. मृतांची काळजीपूर्वक मोजदाद करणे हाच त्यांचा आदर होय.

आणि बागेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावरच्या त्या अरुंद गल्लीतही विद्यार्थ्याला न्यावे. डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू यांना अटक झाल्यानंतर, १० एप्रिल १९१९ रोजी शहरात उसळलेल्या दंगलीत पाच युरोपीय मारले गेले, आणि या गल्लीत मार्सेला शेरवुड नावाच्या मिशनरी बाईंवर जमावाने हल्ला केला. जखमी होऊन पडलेल्या बाईंना वाचवले तेही तेथल्याच हिंदी रहिवाशांनी. पुढे डायरने हुकूम काढला की या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे. ज्यांनी बाईंना वाचवले त्यांच्याच दारात ही मानखंडना झाली. एका गल्लीत जमावाचे क्रौर्य, शेजाऱ्यांचे धैर्य आणि सत्तेचा सूड असे तिन्ही एकत्र भेटतात. बागेत उभ्या असलेल्या शिपायांविषयीही हेच. गोळ्या झाडणारे गुरखे आणि सरहद्दीच्या पलटणींतील शिपाई होते. हुकूम देणारा तेवढा गोरा होता. ‘त्यांनी आम्हांस मारले’ या वाक्यातील ‘ते’ आणि ‘आम्ही’ दोन्ही येथे आल्यावर थोडे हलू लागतात.

हे हलणे कानपुरात पूर्ण होते. ब्रह्मावर्ताची, म्हणजे बिठूरची, आठवण ज्यांच्या घराण्यांत आहे अशा वाचकांना कानपुरची कथा नव्याने सांगावयास नको. राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव पेशवे बिठूरास येऊन राहिले आणि १८५१ साली तेथेच वारले. त्यांच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे गंगाकाठी स्थिरावली. त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना आठ लक्षांचे वर्षासन नाकारण्यात आले. १८५७ च्या जूनमध्ये कानपुरच्या पलटणी उठल्या आणि नानासाहेब त्यांचे नायक झाले. जनरल व्हीलरची छावणी सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर, अलाहाबादेस सुखरूप जाऊ देण्याच्या वचनावर, खाली झाली. २७ जून १८५७ रोजी सतीचौरा घाटावर नावांत बसणाऱ्या या लोकांवर गोळीबार झाला. वाचलेल्या स्त्रिया व मुले यांना नंतर बीबीघर नावाच्या घरात ठेवण्यात आले, आणि फत्तेगढाहून पळून आलेल्यांतील स्त्रियामुलेही तेथेच आणली गेली. १५ जुलै रोजी, हॅवलॉकची फौज जवळ येऊन ठेपली असता, या सुमारे दोनशे स्त्रियामुलांची कत्तल करण्यात आली आणि प्रेते शेजारच्या विहिरीत टाकण्यात आली.

ही विहीर पाहावयास आज विद्यार्थ्याने जावे तर त्याला काय दिसते? इंग्रजांनी ती बंद करून तिच्यावर कार्लो मारोकेत्ती या शिल्पकाराने घडवलेली संगमरवरी देवदूताची मूर्ती बसवली होती, आणि भोवती कोरीव दगडी जाळी उभारली होती. सभोवार मोठे उद्यान केले होते. त्या उद्यानात हिंदी लोकांस परवान्यावाचून प्रवेश नव्हता. बीबीघराची इमारत इंग्रजी अमलातच पाडली गेली. स्वातंत्र्यानंतर देवदूत आणि जाळी ही दोन्ही तेथून हलवून छावणीतील स्मारक-चर्चच्या आवारात नेण्यात आली. उद्यानाला नानाराव पार्क हे नाव मिळाले आणि तेथे तात्या टोप्यांचा पुतळा उभा राहिला. याच उद्यानातील एका जुन्या वडाच्या फांद्यांवर इंग्रजांनी अनेक हिंदी लोकांना फाशी दिल्याची आठवण सांगितली जाते.

म्हणजे घटना एके ठिकाणी घडली आणि तिची स्मारके दोन ठिकाणी विभागली गेली. चर्चमध्ये जाणाऱ्याला फक्त बळी पडलेली गोरी स्त्रियामुले भेटतात. उद्यानात जाणाऱ्याला फक्त स्वातंत्र्यवीर आणि फाशी गेलेले देशबांधव. एका सहलीत दोन्ही ठिकाणे पाहिली, तीही एकाच दिवशी, तरच विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की प्रत्येक स्मारक काही सांगण्यासाठी जसे उभारलेले असते, तसेच काही न सांगण्यासाठीही. इंग्रजांच्या स्मारकाने आपल्या सूडाविषयी मौन पाळले. आपल्या स्मारकाने विहिरीविषयी पाळले.

येथे विद्यार्थ्याच्या हाती पहिले साधन द्यावे ते तारखांचे. कानपुरच्या कत्तलीचा सूड म्हणून इंग्रजांनी अत्याचार केले, असे इंग्रजी ग्रंथांतून दीर्घ काळ सांगितले गेले. परंतु कर्नल नील जून १८५७ मध्येच अलाहाबादेत पोचला होता आणि तेथे फाशी व जाळपोळ यांचे सत्र सुरू झाले होते. ३० जून रोजी मेजर रेनॉडची तुकडी कानपुरच्या रोखाने निघाली आणि वाटेतल्या गावांतून माणसे लटकवत पुढे सरकली. बीबीघर घडले १५ जुलैला. म्हणजे सूड म्हणून जे दाखवले गेले त्यातील बराचसा भाग आधीच घडून गेला होता. पुढे २५ जुलैला नीलने हुकूम काढला की दोषी ठरलेल्यांकडून बीबीघरातील रक्ताचे डाग साफ करवून घ्यावेत, आणि जातिधर्म बाटवूनच त्यांना फाशी द्यावे. हा क्रम फळ्यावर मांडला की इंग्रजांची सबब ढासळते. परंतु प्रामाणिक विद्यार्थ्याने याच क्रमाचा दुसरा अर्थही स्वीकारला पाहिजे. अलाहाबादेत काय चालले आहे याच्या वार्ता कानपुरास आल्या असतील. त्यांनी क्रोध समजतो, विहिरीतल्या मुलांच्या मृत्यूचे समर्थन मात्र होत नाही. कारण सांगणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्याला कळला त्याने इतिहासाचा निम्मा अभ्यास केला.

दुसरे साधन साक्षीपुराव्याचे. बीबीघरातील कत्तलीचा हुकूम नानासाहेबांनी दिला काय? पोलीस कमिशनर कर्नल विल्यम्स याने नंतर अनेकांच्या जबान्या नोंदवल्या, आणि इंग्रजांचे बहुतेक लेखन त्यांवर उभे आहे. या जबान्या देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फाशीचा दोर होता. दुसऱ्यावर दोष ढकलण्यात त्यांचा जीव वाचत होता, हे वाचणाऱ्याने विसरू नये. उलट १८५९ च्या एप्रिलमध्ये नेपाळच्या सरहद्दीवरून नानासाहेबांनी इंग्रजांना पाठवलेल्या पत्रव्यवहारात या हत्यांचा आरोप साफ नाकारला आणि दोष शिपाई व गुंड यांच्याकडे दिला. हेही आरोपीचेच म्हणणे, म्हणून तेही तपासूनच घ्यावे लागते. मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला पहिला संशय घेणे सोपे जाते, दुसरा जड जातो. शिक्षण घडते ते या जडपणाच्या क्षणी. नानासाहेबांविषयीचा आदर सोडा असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यावर झालेला अन्याय खरा, त्यांचा लढा खरा, आणि त्यांच्या ताब्यात असलेल्या शहरात दोनशे निःशस्त्र जिवांचा अंत झाला हेही खरे. तिन्ही वाक्ये एकाच वहीत, एकाच अक्षरात लिहिता आली पाहिजेत.

त्याच जबान्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. बीबीघरावर पहारा असलेल्या शिपायांनी स्त्रियामुलांना मारण्याचे काम करण्यास नकार दिला, आणि मग ते इतरांकडून करवून घेण्यात आले. हे शिपाई बंडवाले होते. कंपनी सरकारविषयी त्यांच्या मनात द्वेष होता आणि हातात बंदूक होती. तरी ते थांबले. ज्यांची नावेही इतिहासाने राखली नाहीत अशा या माणसांचे स्मारक ना चर्चमध्ये आहे, ना उद्यानात. ‘त्या वेळी सगळेच तसे होते’ या सबबीला उत्तर हवे असेल तर ते या नकारात आहे. विद्यार्थ्याने कानपुराहून काही एक बरोबर आणावयाचे असेल तर हेच आणावे.

अशा भेटी कशा घडवाव्यात याविषयी जर्मनीतील शिक्षकांनी पुष्कळ विचार केला आहे, कारण त्यांना आपल्याच देशाने केलेल्या अत्याचारांच्या जागी आपलीच मुले न्यावयाची होती. १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाविषयी झालेल्या चर्चेतून तीन तत्त्वे पुढे आली, आणि ती तेथे आजही प्रमाण मानली जातात. पहिले, विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याच्याकडून हवे ते मत वदवून घेऊ नये. दुसरे, जे विद्वानांत आणि समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. तिसरे, विद्यार्थ्याला स्वतःच्या परिस्थितीचा आणि हिताचा विचार करून भूमिका घेता यावी इतका समर्थ करावे. यांतील पहिले तत्त्व आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रेतांच्या राशी दाखवून, करुण संगीत लावून, घोषणा देववून मुलांना रडवणे वा चेतवणे अवघड नाही. परंतु भारावलेले मन प्रश्न विचारत नाही. आणि ज्या जमावांनी व ज्या फौजांनी अत्याचार केले तीही भारावलेलीच मने होती.

म्हणून सहलीची आखणी तीन टप्प्यांत असावी असे आम्हांस वाटते. जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने त्या घटनेची निदान दोन परस्परविरोधी साधने वाचावीत. स्थळावर मार्गदर्शकाचे भाषण थोडे असावे आणि निरीक्षण अधिक: अंतरे मोजावीत, पाट्या उतरून घ्याव्यात, काय लिहिले आहे त्याबरोबर काय लिहिलेले नाही याची नोंद करावी. परतल्यावर लगेच भावना लिहावयास न सांगता, काही आठवड्यांनी एका नेमक्या प्रश्नाचे पुराव्यासह उत्तर लिहून घ्यावे. आणि ज्याला स्थळावर काहीच बोलावेसे वाटले नाही त्याच्या मौनाला गुण कमी देऊ नयेत.

शेवटी अशा एका शहराचा विचार करू, की जेथील कत्तलीची साक्ष मराठी भाषेतच राहिली आहे. झाशीचा किल्ला पाहावयास सर्व जण जातात. कडकबिजली तोफ पाहतात, राणीसाहेबांनी घोड्यासह उडी घेतली ते स्थान पाहतात. परंतु १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोजची फौज शहरात शिरल्यावर खाली पेठांतून काय घडले, ते किल्ल्याचे दगड सांगत नाहीत. ते सांगितले पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघालेला हा गरीब भिक्षुक वेढ्यात सापडला. घराघरांतून शोधून केलेली कत्तल, जिला ते ‘बिजन’ म्हणतात, ती लूट, हलवाईपुऱ्यातील आग आणि ग्रंथालयाचा झालेला नाश त्यांनी जवळून पाहिला. १८८३ साली त्यांनी तो लिहून काढला, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो ‘माझा प्रवास’ या नावाने आपल्या संस्कारांसह छापला, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो १९६६ साली पुन्हा सिद्ध केला. छापील प्रत आणि मूळ यांत फरक का पडला, हा प्रश्नही साक्ष तपासण्याचाच धडा आहे.

झाशीतही दोन स्थळे आहेत, एक नव्हे. ८ जून १८५७ रोजी जोखन बागेत सुमारे साठ युरोपीय स्त्रीपुरुष आणि मुले यांना मारण्यात आले. हे कृत्य बंडवाल्यांचे, आपण असहाय होतो, असे राणीसाहेबांनी त्याच महिन्यात सागर विभागाच्या कमिशनरास लिहून कळवले होते. दहा महिन्यांनी नगरीवर जे कोसळले त्याचे समर्थन इंग्रजांनी या बागेकडे बोट दाखवून केले. मात्र पेठांतून मारले गेलेले विणकर, हलवाई, भिक्षुक त्या बागेत नव्हते. आणि झाशीवर चालून आलेल्या फौजेत हैदराबाद कंटिन्जंटचे हिंदी शिपाईही होते, हे हैदराबादच्या विद्यार्थ्याने जरूर लक्षात घ्यावे. ग्वाल्हेर आणि इंदूर येथील दरबारांची निष्ठाही त्या धुमाळीत कोणीकडे होती, हे सर्वश्रुत आहे. आपली घराणी तेव्हा एका बाजूला नव्हती. ती सर्व बाजूंना विखुरलेली होती.

यातूनच आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेत आणि दक्षिणेत राहिलेल्या कुटुंबांवर एक काम येते. गोडसे भटजींना वैद्यांनी लिहावयास लावले नसते तर झाशीच्या पेठांतील मृत मुकेच राहिले असते. आपल्या घरांच्या माळ्यांवर अजूनही मोडीतली पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, वंशावळी, तीर्थोपाध्यायांशी झालेला पत्रव्यवहार असण्याचा संभव आहे. ‘अमुक साली घर लुटले गेले’, ‘तमुक गेले ते परतले नाहीत’ अशी एखादी ओळ त्यांत असेल. आपल्या पूर्वजाने कोणाच्या लुटीत वाटा घेतला हेही कदाचित असेल. ती ओळ झाकू नये. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. तेव्हा जवळच्या विद्यापीठातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला घरी बोलवावे, कागद त्याच्यापुढे मांडावेत, आणि जे गौरवाचे आहे तेवढेच निवडून न देता सर्व द्यावेत. अमृतसर, कानपुर आणि झाशी येथे जाऊन त्याने जे पाहिले ते तपासण्याचे साधन कदाचित आपल्या पेटीतच असेल.